दोन सूर्यघड्याळं आणि एक नाईक : प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

नवी वही. आजच सुरू करायचं कारण तारीख. १६ नोव्हेंबर १९२१ ला यशवंत घाडगे जन्मला. पळसगाव, तालुका माणगाव, म्हणजे आमचाच तालुका. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना तो मारला गेला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होता. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. तालुक्यात नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि नावापुढे काय, हे विचारलं की सगळे गप्प. मीसुद्धा.

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्याच्या नावाचं स्मारक झालं. पेरुजा प्रांतातलं डोंगरावरचं छोटंसं गाव. तिथे पुतळा नाही बसवला, सूर्यघड्याळ बसवलं. त्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे, ‘आपण सगळे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाची. ती बातमी वाचली तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. तिकडे होतं, तर त्याच्या तालुक्यातल्या शाळेच्या आवारात का नको? मी विज्ञान शिकवतो, सूर्यघड्याळ हा तसाही नववीला घेण्यासारखा उद्योग.

अकरा पोरं तयार झाली. त्यातली चार खरोखर, बाकीची तास बुडतो म्हणून.

पहिलं काम: मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी केली आणि दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपलं. सर्वांत आखूड सावली १२ वाजून २२ मिनिटांनी. ‘‘सर, बारा वाजता नाही?’’ नाही रे बाबा. का नाही, ते पुढच्या तासाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आठवडा निवडणूक ड्युटीत गेला. १९ ला साहित्य घेऊन केंद्रावर, २० ला मतदान, मग दोन दिवस अंग आंबलेलं. केंद्रावरच्या रात्री झोप कसली लागते. मोबाईलवर यशवंतबद्दल वाचत पडलो.

पोरांनीही शोधलं होतं. एकाने लिहून आणलं, ‘जन्म कुलाबा, मुंबई.’ आपल्या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, हे त्याला कोण सांगणार? जुन्या कागदांत कुलाबाच येणार. फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याकडूनच खोडून घेतलं.

एका मुलीने दिवस मोजले. जन्मतारखेपासून मृत्यूपर्यंत ८२७२. लीप वर्षं धरून. मी घरी येऊन पुन्हा मोजले, बरोबर आहेत. वर्षांत सांगितलं की २२ वर्षं ७ महिने २४ दिवस होतात आणि कान त्यावरून घसरतो. ८२७२ म्हटल्यावर वर्ग जरा थांबला. एकाने लगेच स्वतःचे मोजायला घेतले.

११ डिसेंबर, बुधवार

आजची तारीख या प्रकल्पात कशी येते ते पोरांना सांगितलं, म्हणून नोंद. ११ डिसेंबर १९७१ ला भारताच्या दुसऱ्या पॅरा बटालियनने पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ छत्रीउड्या घेतल्या आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. ती दुसरी पॅरा म्हणजेच आधीची तिसरी मराठा. यशवंतची पलटण. त्याहीआधी तिचं नाव ११० वी मराठा होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात ती अडकली आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरण गेली. म्हणजे एकाच पलटणीच्या नशिबी कूत, टायबर आणि टांगाईल.

पोरांना छत्रीउड्या आवडल्या. कूत आवडलं नाही. ‘‘मराठे शरण कसे गेले सर?’’ खायला उरलं नाही की कोणीही जातो, असं म्हटलं. पटलं नाही त्यांना. असू दे.

१५ डिसेंबर, रविवार

आज व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र. नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या गॅझेटमध्ये छापून आलेला तो इंग्रजी मजकूर. मोजकी वाक्यं. रविवार असूनही सात पोरं आली, दोघीजणी डबा घेऊन. ठरवलं की यंत्राचं भाषांतर नको, आपण एकेक वाक्य करू. दोन तास लागले.

मजकूर असा. कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. यशवंतच्या हाताखालच्या रायफल सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी, उरला फक्त तो. आपल्यामागे कोणी नाही हे ठाऊक असताना तो मशीनगनवर धावला. आधी बॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा गेला. मग टॉमी गनने एकाला उडवलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्याने गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणून मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात तो गेला.

वर्ग पहिल्यांदा अडला तो ‘मॅगझीन बदलायला वेळ नव्हता’ यावर. टॉमी गनच्या मॅगझीनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या. घोडा दाबून धरला तर तीससुद्धा तीन सेकंदांच्या आत संपतात. रिकामं काढायचं, कमरेच्या पाकिटातून भरलेलं काढायचं, खाचेत बसवायचं. सरावाच्या माणसाला किती वेळ लागेल? पोरांनी पेन्सिलीच्या डबीने करून पाहिलं: चार सेकंद, पाच सेकंद. समोर दोन माणसं आणि मध्ये काही पावलं. एवढ्यासाठी चार सेकंद नव्हते त्याच्याकडे.

मग एकाने कपाटातून क्रिकेटची बॅट आणली आणि उलटी धरली, पात्याकडून. ‘‘सर, अशी?’’ अशीच. फक्त बॅट सव्वा किलोची आणि ती गन पाच किलोच्या आसपास. आणि पातं गार असतं. गोळ्या झाडून झालेली नळी गार नसते. त्याने हवेत एकदा फिरवली आणि मग गुपचूप ठेवून दिली. हसणारे दोघे-तिघे होते, तेही थांबले. मी काही बोललो नाही. बोलायला नको होतंच.

दुसऱ्यांदा अडलो ते एका शब्दावर. गोळ्या लागल्याचं वाक्य ‘दुर्दैवाने’ असं सुरू होतं. सरकारी कागद, एवढं सगळं कोरड्या भाषेत लिहिलेलं, आणि मध्येच हे. ज्या कोणी तो मसुदा केला त्याला पुढचं वाक्य लिहवेना म्हणून तो शब्द आला की नुसती कारकुनी सवय, यावर माझं आणि आमच्या इंग्रजीच्या मॅडमचं दुपारी फोनवर वाजलं. त्या म्हणतात सवय. मी म्हणतो, सवय असेल तरी चांगल्या जागी आली.

तिसरा शब्द ‘जवळजवळ एकट्याने’. पोरांनी ‘जवळजवळ’ उडवून टाकला होता. एकट्याने म्हटलं की जोरदार वाटतं ना. मी परत घालायला लावला. त्यावर दिवस मोजणारी ती मुलगी म्हणाली, ‘‘सर, बाकीच्यांची नावं कुठायत?’’ मानपत्रात नाहीत. सेक्शन म्हणजे आठ-दहा जण. साताऱ्याचे, रत्नागिरीचे, आपल्या बाजूचे कोणी असतील. त्या ‘जवळजवळ’मध्ये ते सगळे आहेत.

आणि मागच्या बाकावरून, अगदी हळू: ‘‘म्हणजे जर्मन चार.’’ हो, चार.

२१ डिसेंबर, शनिवार

सर्वांत लहान दिवस. एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली ८९ सेंटिमीटर, उत्तरेकडे. वेळ १२.३५. गणिताने ८९.१ येत होती. पोरं खूश, मी त्याहून खूश.

मध्यान्ह साडेबाराच्या पुढे का, तेही मार्गी लागलं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं, आपण ७३.३ वर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३७ मिनिटांचा फरक कायमचा. वर पृथ्वीच्या लहरी: नोव्हेंबरात सूर्य पंधरा-सोळा मिनिटं पुढे, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पोरांना घेऊन माणगावला पुतळ्याकडे. हायवेला नेहमीसारखी वाहनांची रांग, त्यामुळे तीन स्टॉप आधी उतरून चालत गेलो.

पुतळ्यासमोर पोरं एकदम शिस्तीत उभी राहिली, हात मागे, जशी प्रार्थनेला राहतात. त्याने मला जरा वाईट वाटलं, का ते सांगता येत नाही. मोंतोनेच्या घड्याळासमोर माणूस असा उभा राहत नसेल. त्याभोवती फिरून सावली कुठे पडली ते बघत असेल.

परत येताना रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी पोरं पळत होती, दोन आमचेच माजी विद्यार्थी. थांबले, पाया पडले. एकाला वय विचारलं. ‘‘एकवीस पूर्ण होतील सर, ही शेवटचीच संधी.’’ अग्निवीरला एकवीस ही कमाल मर्यादा. म्हणजे यशवंत मेला त्या वयाचा आज कोणी भरतीच्या मैदानावर गेला, तर वय उलटलं म्हणून त्याला गेटवरूनच परत पाठवतील.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर खर्चाचा आकडा सांगितला. माजी विद्यार्थ्यांनी कडप्प्याचा दगड देऊ केला. संस्थेकडून अजून काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

लाज वाटण्यासारखी नोंद, पण वही आहे तर लिहिलं पाहिजे.

सूर्यघड्याळात दोन गोष्टी अक्षांशावर ठरतात. एक, त्रिकोणी पाती. तिची वरची धार जमिनीशी जितके अंश करते तितके तिथले अक्षांश, म्हणजे ती धार सरळ ध्रुवाकडे रोखलेली. आपल्याकडे १८.२ अंश. दुसरं, तबकडीवरच्या तासांच्या रेषांमधले कोन. मी आकृती कॉम्प्युटरवर काढली, फॅब्रिकेटरकडे दिली. काल तो सहा मिलिमीटर स्टेनलेसची पाती आणि कोरलेली तबकडी घेऊन आला. झकास काम. पोरांनी पाती उभी केली आणि दिवस मोजणारी म्हणाली, ‘‘सर, ही फार उभी दिसते.’’

कोनमापक लावला. ४३ अंश.

डिसेंबरात तुलनेसाठी मोंतोनेचे आकडे घालून पाहिले होते आणि आकृती काढताना ते तसेच राहिले. रेषाही तिथल्याच. एकच्या रेषेचा कोन आपल्याकडे ४.८ अंश यायला हवा, तबकडीवर १०.४. सगळं इटलीचं. फॅब्रिकेटर बिचारा म्हणतो, ‘‘गुरुजी, मी तर कागदाबरहुकूम केलं.’’ बरोबरच आहे त्याचं. साडेचार हजार माझ्या खिशातून गेले आणि घरी अजून सांगितलेलं नाही.

२ मार्च, रविवार

तीन आठवडे ती तबकडी प्रयोगशाळेच्या कपाटावर पडून होती. आज कळलं की फुकट गेलेली नाही.

दुसऱ्या एका कामासाठी पोरांनी वर्गाच्या फरशीवर खडूने टायबरचं खोरं काढलं होतं. त्याबद्दल आधी लिहितो, कारण दुपार खरी त्यातच गेली.

४ जून १९४४ ला रोम पडलं. जर्मन सैन्य उत्तरेला मागे हटत होतं, पण पळत नव्हतं. उत्तरेकडे डोंगरात त्यांची मोठी संरक्षक फळी तयार होत होती, तिला ‘गॉथिक लाइन’ म्हणतात. ती पुरी होईपर्यंत वेळ काढायचा हे वाटेतल्या तुकड्यांचं काम. एका टेकडीवर दोन मशीनगना मांडायच्या, येणाऱ्याला दिवसभर थोपवायचं, रात्री उठून मागच्या टेकडीवर. दोस्तांच्या बाजूने या खोऱ्यात वर सरकत होती ती आपली दहावी डिव्हिजन. ५ जुलैला उंबर्तिदे मिळालं, २२ जुलैला चित्ता दी कास्तेल्लो. दोन्हींत अंतर साधारण वीस किलोमीटर. आमच्या पोरांना हिशेब लगेच कळला: माणगाव ते आपलं जवळचं इंदापूर जाऊन यायचं आणि वर थोडं. त्याला सतरा दिवस. १० जुलै त्यातला सहावा.

म्हणजे यशवंतने जे ठाणं घेतलं ते काही किल्ला नव्हता. त्या सतरा दिवसांत असली ठाणी किती घेतली गेली असतील. पोरांचे चेहरे जरा पडले. त्यांना वाटत होतं की त्याच्यामुळे लढाई जिंकली. मला मात्र हे कळल्यावर तो जास्त जवळचा वाटायला लागला. आपण शाळेत सिंहगड शिकवतो, कोंढाणा गेला की स्वराज्याचं काय होईल ते शिकवतो. इथे एक टेकाड होतं.

या गोष्टीत एक माणूस असा आहे की पोरांना सांगितल्यावर विश्वास बसेना. डेनिस रीड. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरी लढाईत हीच तिसरी मराठा पलटण त्याच्या हाताखाली होती. पुढे वाळवंटात ब्रिगेड चालवताना १९४२ मध्ये पकडला गेला, युद्धकैदी म्हणून इटलीत, तिथून १९४३ मध्ये निसटला. आणि १९४४ च्या त्या उन्हाळ्यात दहाव्या डिव्हिजनचा जनरल कोण? हाच. ज्या देशात कैदी होता त्याच देशात सैन्य घेऊन परत, आणि त्या सैन्यात त्याची जुनी पलटण.

फरशीवर इकडच्या गोष्टीही लिहिल्या, मुद्दाम. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. आपल्याकडच्या अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी गोदीत नाहीतर गिरणीत. मुलगा इटलीत लढाईत म्हणून काळजी करणाऱ्या घरांना मुंबईतल्या मुलाची खुशालीही शोधावी लागली असेल. माझी आजी तार म्हटलं की हातातलं काम टाकायची, तार कोणाचीही असो. १० जुलै म्हणजे आषाढ वद्य. आपल्याकडे लावणीचा भर. गुडघाभर चिखलात उभी असतील माणसं, त्याच्या गावातलीही.

आता तबकडी. नकाशा पुसताना एकाने ती चुकीची तबकडी उतरवली आणि पायरीला टेकून तिरकी ठेवली. मी ओरडणार तेवढ्यात दिसलं. पातीची धार ध्रुवाकडे रोखली गेली पाहिजे, एवढीच तर अट. मग तबकडी सपाट असलीच पाहिजे असं कोण म्हणतं? ४३ मधून १८ गेले, २५. तबकडी उत्तरेकडे २५ अंश उतरती ठेवली की तिची पाती बरोबर आपल्या १८ वर येते, आणि तासांच्या रेषाही जुळतात, कारण त्या पातीशी बांधलेल्या असतात. गुण्या आणि कोनमापक घेऊन अर्धा तास लटपट केली. लाकडाच्या पाचरीवर बसवून काठीच्या सावलीशी ताडून पाहिलं. चालतं!

आणि मग लक्षात आलं की अशी तिरकी ठेवलेली ती पाटी मोंतोनेच्या अक्षांशावरच्या, पण आपल्याच रेखांशावरच्या जमिनीला समांतर आहे. मोंतोने आपल्या सरळ उत्तरेला असतं तर तिथलं अंगण असं, इथून पाहिलं तर.

पोरांचा ठराव: दोन्ही घड्याळं बसवायची. एक आपलं सपाट, एक तिथलं तिरकं.

एप्रिल

परीक्षा, पेपर तपासणी, निकाल. काम शून्य. आपल्या अक्षांशाची नवी पाती आली, या वेळी कोन तीनदा मोजून.

१३ मे, मंगळवार

सुट्टी असूनही सहा पोरं. सूर्य आज डोक्यावर, काठीची सावली तिच्याच बुडात शिरलेली. ढग येऊन-जाऊन होते, पण साडेबाराच्या सुमाराला दहा मिनिटं लख्ख पडलं. पाण्याने भरलेली स्टीलची बाटली उभी केली, तिला सावलीच नाही. धाकट्या भावाला घेऊन आलेल्या एकीचा भाऊ बाटली हलवून सावली शोधत बसला.

यापुढे जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला. १० जुलैचं गणित पोरांनी केलं: एक मीटर काठी, इथे सावली ७ सेंटिमीटर, दक्षिणेला. मोंतोनेला ३९, उत्तरेला. त्या दिवशी त्याच्या घरच्या खांबाची सावली एका बाजूला पडत होती आणि त्याची स्वतःची दुसऱ्या बाजूला. अर्थात इथे ढगांत कसली सावली.

२२ जून, रविवार

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. पोरं आता दहावीत. पावसाने यंदा मेमध्येच घाई केली, त्यामुळे कडप्पा बसवायचं काम ताडपत्रीखाली.

पाटीवरच्या मजकुरावरून तीन दिवस घोळ चालू आहे. मुख्याध्यापकांचा मसुदा: ‘शूरवीर, अजरामर, कोकणचे सुपुत्र’ वगैरे साडेतीन ओळी. त्यांचा हेतू वाईट नाही. पण मी म्हटलं, सर, यातला एकही शब्द दुसऱ्या कोणत्याही वीराच्या पाटीवर चालेल. यशवंतचं असं यात काय आहे? ते म्हणाले, मग मानपत्रातलं घ्या, दस्त्याने मारलं ते. त्यावर पालकांपैकी एक काकू, ज्या पोषण आहाराचं बघतात, म्हणाल्या, ‘‘पोरं रोज तिथे डबा खाणार, तिथे ते कशाला लिहिता?’’ मला दोघांचंही पटलं आणि त्यामुळे काहीच ठरेना.

दुसरा वाद ‘तो’ की ‘ते’. मुख्याध्यापक ‘यशवंतराव घाडगे हे’ यावर ठाम. तालुक्यात सगळे तसंच म्हणतात, आणि मान राखायला हवा हेही खरं. पण मी सबंध वहीत ‘तो’ लिहीत आलोय, हे आज मागे पाहिल्यावर ध्यानात आलं. बावीस वर्षांचा, आठ-दहा जणांचा मुकादम म्हणावा इतकाच मोठा. माझा धाकटा पुतण्या त्याच्यापेक्षा मोठा आहे आणि अजून आईकडून पेट्रोलला पैसे मागतो. मेल्यावर आपण त्याला ‘ते’ केलं. इटलीतल्या सरकारी स्मारकातसुद्धा तो एक नाव आहे: कॅसिनोला युद्धस्मशानात ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं दगडात कोरली आहेत, त्यांत त्याचं. घरच्यांच्या हाती आलं ते पदक, त्याच्या पत्नीच्या.

तो किती शिकला, पोहायला यायचं का, पलटणीत कोणाशी पटायचं, यातलं काही पाटीवर लिहिता येत नाही. एका पोराने ‘त्याला लहानपणापासून देशसेवेची आवड होती’ असं निबंधात घुसडलं होतं. काढायला लावलं. रागावला माझ्यावर.

शेवटी दिवस मोजणारीने कागदावर लिहून दिलं आणि सगळे गप्प बसले. तोच मजकूर कोरायला दिला:

नाईक यशवंत घाडगे
पळसगाव, १६ नोव्हेंबर १९२१
टायबरचं खोरं, इटली, १० जुलै १९४४
८२७२ दिवस
आणि त्याच्या सेक्शनमधले सगळे

‘त्याच्या’ आहे, ‘त्यांच्या’ नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, सही केली.

१० जुलै, गुरुवार

यंदा नेमकी गुरुपौर्णिमा याच दिवशी. सकाळी दहावीच्या पोरांनी आम्हा सगळ्यांना गुलाब दिले, भाषणं झाली, सरस्वतीपूजन लांबलं. सूर्यघड्याळाचं उद्घाटन साडेबारा ते पावणेएकच्या मध्ये करायचं होतं, कारण आजची मध्यान्ह १२.४२. सहा महिने हे गणित पाठ करून घेतलं होतं पोरांकडून.

पाऊस. सकाळपासून धो धो. १२.४२ ला आम्ही बाराजण छत्र्या घेऊन दोन घड्याळांभोवती, आणि सावलीचा पत्ता नाही. पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त सुभेदार, मराठा रेजिमेंटचेच, बेळगावला ट्रेनिंग झालेले. त्यांनी छत्री मिटली, टोपी सरळ केली आणि भिजत सॅल्यूट केला. मग पाटी वाचली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हे कोणी लिहिलं?’’

ती आलेली नव्हती. घरी लावणी चालू आहे, माणसं मिळत नाहीत, तीन दिवस शाळेत येणार नाही असा निरोप होता.

सुभेदारसाहेब चहाला थांबले. नाईकाचं काम काय असतं ते पोरांनी विचारलं. म्हणाले, जेवण सगळ्यांना पुरलं का बघणं, कोणाचे पाय सोलवटलेत बघणं, पत्र न आलेल्याला जरा सांभाळणं. गोळीबार वर्षातून एखाद्या वेळी, हे रोजचं.

१२ जुलै, शनिवार

ती आली आज, हातांना चिखलाने भेगा पडलेल्या. ताडपत्री काढून दाखवलं. तिने आधी पाटी नाही वाचली, दोन्ही तबकड्यांवर बोट फिरवलं. आपल्या सपाट तबकडीवर बोटभर पाणी साचलंय, पानं तरंगतायत. तिरकीवरचं सगळं वाहून गेलंय, कोरडी ठणठणीत.

‘‘सर, हिला भोक पाडायला पाहिजे.’’

पाडायला पाहिजे. आठ मिलिमीटरचं, दक्षिणेच्या कोपऱ्यात, रेषा टाळून. फॅब्रिकेटरला सोमवारी फोन करणे. कडप्प्याला ड्रिल मारताना तडा जातो, तेव्हा पाणी सोडत मारायला सांगणे.